पूना डिव्हिजन, युरोपचे भांडण आणि आपले लेखन

आजीचा एक शब्दप्रयोग होता : ‘बसऱ्याला गेलं’. घरातले भांडे सापडेनासे झाले, उसने दिलेले पैसे परत आले नाहीत, की ती म्हणायची, ‘‘गेलं बसऱ्याला.’’ तिच्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेला आणि परतला नाही. तो शिपाई म्हणून गेला नव्हता. ‘‘पल्टनीच्या मागं गेला,’’ एवढेच आजी सांगे. त्या ‘मागं’ या शब्दाचा अर्थ कळायला मला फार वर्षे लागली.

दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका चर्चासत्रात मी बोलण्याच्या ओघात म्हणालो, की युरोपातल्या सत्तास्पर्धेचा इतिहास दलित लेखकाने वाचला पाहिजे. प्रश्नोत्तरांच्या वेळी एका तरुण समीक्षकाने सरळ विचारले, ‘‘सर, इंग्रज-जर्मनांच्या भांडणाशी आपल्या साहित्याचा संबंध काय?’’ त्या दिवशी मी जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. हा लेख म्हणजे त्या तरुण मित्राला उशिरा दिलेले उत्तर समजावे.

पहिले महायुद्ध मराठी वाचकाला दोन तऱ्हांनी भेटते. एक शाळेच्या पुस्तकातून. २८ जून १९१४ रोजी सेराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला, तहांच्या साखळीने राष्ट्रे ओढली गेली, रणगाडे आले, विषारी वायू आला, पाणबुड्या आल्या, १९१८ ला युद्ध संपले. या कथनात हिंदुस्थान येतो तो एका वाक्यापुरता : ‘हिंदी सैनिकांनी शौर्य गाजवले.’ दुसरी तऱ्हा आपली. आपल्या जलशांत, भाषणांत, कवितांत लष्कर म्हणजे कोरेगाव. १ जानेवारी १८१८, भीमेचा काठ, पेशव्यांची फौज आणि तो खांब. त्यानंतर एकदम १९४१ ची महार रेजिमेंट. मधली सव्वाशे वर्षे आपण ओलांडून जातो. पांढरपेशाने युद्धाचा नकाशा पाहिला आणि आपण युद्धाचा मानबिंदू पाहिला. पण युद्ध यंत्रांचे झाले, कारखान्याच्या हिशेबाने माणसे खाऊ लागले, त्या काळात अस्पृश्य माणूस त्यात नेमका कुठे उभा होता, हे दोन्ही कथनांत सापडत नाही.

खरे तर कोरेगावही युरोपच्या भांडणापासून तोडून पाहता येत नाही. महादजी शिंद्यांनी द बॉइनकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हापासून मराठी दरबारांतले फ्रेंच आणि इतर युरोपीय अधिकारी इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होते. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तला उतरला आणि पुढच्याच वर्षी श्रीरंगपट्टण पडले. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात, इंग्रजांशी युद्ध करणाऱ्या युरोपीय राष्ट्राची माणसे पेशव्याने पदरी ठेवू नयेत, असे कलम इंग्रजांनी घालून घेतले. म्हणजे शनिवारवाड्याच्या दाराशी इंग्रज-फ्रेंच वैर येऊन उभे होते. त्या वैरात कंपनीला शिपाई हवे होते, आणि मुंबई इलाख्यात जे मिळाले त्यांत महार होते. ज्यांना गावाने कुसाबाहेर ठेवले त्यांना परक्या कंपनीने बंदूक दिली, ती प्रेमापोटी दिली नाही. हे आपण मनातून जाणतोच. मी फक्त त्या गरजेचा पुढचा प्रवास पाहू म्हणतो.

ही गरज १८९० च्या आसपास संपली असे लष्कराच्या वरिष्ठांना वाटले. का वाटले, याचे उत्तर पुणे-मुंबईत नाही, मध्य आशियात आहे. १८८५ मध्ये अफगाण सीमेवर पंजदेह येथे रशियन फौजेने चकमक केली आणि इंग्लंड-रशिया युद्ध होते की काय अशी वेळ आली. त्याच वर्षी फ्रेडरिक रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती झाले आणि १८९३ पर्यंत त्या जागेवर राहिले. रॉबर्ट्स यांचे पक्के मत असे, की युरोपीय शत्रूसमोर उभे राहायचे तर मद्रास-मुंबईकडची माणसे उपयोगाची नाहीत. शीख, गुरखा, पठाण, डोग्रा अशाच ‘लढाऊ जाती’ पाहिजेत. पलटणी जातवार बांधण्याचे धोरण आले, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली.

रशियाच्या झारशी इंग्रजांचे वाकडे आले, आणि त्याचा पहिला फटका दापोली, महाड, सातारा, पुण्याच्या महारवाड्यांना बसला. फटका मोठा होता, कारण पलटण म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीत शाळा होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्याच शाळांतून तयार झालेले आणि त्याच शाळांत शिकवलेले. गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून निवृत्त झालेले. अस्पृश्यांतली पहिली वाचणारी-लिहिणारी पिढी पेन्शनरांची पिढी आहे, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात ठळकपणे मांडले गेले पाहिजे.

वलंगकरांनी १८९४ मध्ये भरतीसाठी अर्ज तयार केला. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे निवेदन पाठवले. कांबळे हे ‘सोमवंशीय मित्र’चे संपादक. या अर्जांकडे आपण चळवळीची कागदपत्रे म्हणून पाहतो. मी ते गद्य म्हणूनही वाचतो, आणि वाचताना दोन भावना एकाच वेळी होतात. अभिमान वाटतो, कारण अर्ज करणारा माणूस गयावया करत नाही, पूर्वजांच्या सेवेचा हिशेब मांडतो. आणि अस्वस्थ वाटते, कारण दार ज्या किल्लीने बंद केले त्याच किल्लीने ते उघडावे अशी ही मागणी होती. ‘आम्हीही लढाऊ आहोत’ असे म्हणताना माणसांच्या लढाऊ आणि बिगर-लढाऊ जाती असतात हे गृहीत धरावे लागते. यात कांबळ्यांचा दोष नाही. सरकारला कळणारी तेवढी एकच भाषा त्या वेळी उपलब्ध होती. दोष आपला आहे. शंभर वर्षांनंतरही आपण जयंतीच्या व्यासपीठावरून तीच भाषा बोलतो.

आता पुण्याच्या डिव्हिजनकडे येतो. रशियाच्याच भीतीने किचनेर यांनी १९०३ पासून हिंदी सैन्याची पुनर्रचना केली. तीत पुण्याला मुख्य ठाणे असलेली सहावी, म्हणजे ‘पूना डिव्हिजन’ तयार झाली. पण तोवर युरोपातली चूल दुसरीकडेच पेटली होती. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला आणि त्याचे पोलाद, रसायने, रेल्वे इंग्लंडच्या तोडीस आली. १९०६ मध्ये इंग्लंडने ड्रेडनॉट ही युद्धनौका पाण्यात सोडली आणि दोन देशांत जहाजे बांधण्याची शर्यत लागली. कोळशापेक्षा तेलावर जहाज वेगाने धावते, म्हणून इंग्रज आरमार तेलाकडे वळले. तेल इंग्लंडात नव्हते, इराणात १९०८ मध्ये सापडले होते. १९१४ मध्ये युद्धाच्या तोंडावर ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले. दुसरीकडे जर्मन भांडवल बगदादपर्यंत रेल्वे नेत होते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी शत-अल-अरबच्या मुखाशी फाव येथे जी पहिली हिंदी फौज उतरली, ती याच पूना डिव्हिजनची ब्रिगेड होती. २२ नोव्हेंबरला बसरा पडले.

युद्ध औद्योगिक झाले म्हणजे काय झाले, हे समजून घ्यायला फ्लँडर्सच्या खंदकांपर्यंत जाण्याची गरज नाही. घोरपडी आणि खडकीच्या बराकींतली माणसे तेलाच्या नळाच्या रखवालीसाठी वाळवंटात गेली, एवढे पुरे आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. जनरल टाउनशेंड ही डिव्हिजन घेऊन तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाले. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला अडले, मागे फिरले आणि ३ डिसेंबरला कुत-अल-अमारा या गावात येऊन थांबले. तुर्कांनी वेढा घातला. आत लढणारी माणसे अकरा-बारा हजार. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, सॅपर्स होते. आणि लढणाऱ्यांच्या मागे सुमारे साडेतीन हजार ‘फॉलोअर’ होते. सोडवायला आलेल्या फौजेचे सुमारे तेवीस हजार लोक ठार आणि जखमी झाले, तरी वेढा उठला नाही. एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पिठाच्या आणि साखरेच्या गोण्या टाकून पाहिल्या. वेढ्यातल्या फौजेला विमानाने अन्न पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न. दळायला जाती नव्हती, म्हणून विमानातून जात्याची तळीही टाकली गेली. वीस लाख पौंड देऊन सुटका विकत घेण्याचे बोलणेही झाले, ते फसले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे तेरा हजार माणसांनी शरणागती पत्करली.

या वेढ्यातला एक प्रसंग इंग्रजी पुस्तकांत ‘विचित्र अडचण’ म्हणून येतो. धान्य संपत आले तेव्हा तोफा ओढणारे घोडे आणि खेचरे कापून त्यांचे मांस वाटण्यात आले. गोऱ्यांनी खाल्ले. बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानगी मागवली, ती आली, तरी कित्येक आठवडे नकार टिकला. गावाकडे परत गेल्यावर जात वाळीत टाकील ही भीती त्यामागे होती. ताजे अन्न नाही, मांस नाही, म्हणून हिंदी शिपायांत स्कर्व्हीने माणसे खचत गेली. एप्रिलमध्ये अगदी शेवटी बरेच जण खाऊ लागले.

मी हा प्रसंग वाचतो तेव्हा मला महाड आठवते. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडायला सांगितले. पोट भरायला दुसरे काही ठेवले नाही आणि जे खाल्ले त्यावरून नीच ठरवले, हा आपला हजार वर्षांचा अनुभव. कुतमध्ये उलटे झाले. तिथे उच्च म्हणवणाऱ्यांच्या पोटात आग होती, समोर अन्न होते, आणि मध्ये जात उभी होती. डोक्यावर विमान, कानाशी बिनतारी यंत्र, खांद्यावर मॅगझिन रायफल, आणि पोटावर मनूची मोहर. हे दृश्य एकाही मराठी कथाकाराला खुणावू नये याचे मला आश्चर्य वाटते. जात ही खेड्याची गोष्ट आहे, यंत्रयुग आले की ती आपोआप विरघळते, असे सांगणाऱ्या सुधारकी मंडळींना हे एकच उदाहरण दाखवावे.

आणि ते साडेतीन हजार? फॉलोअर म्हणजे भिस्ती, मेहतर, धोबी, मोची, स्वयंपाकी, डोलीवाले, खेचरवाले. सगळे अस्पृश्य नव्हते. भिस्ती बहुधा मुसलमान असत, डोलीवाल्यांत कहार असत. पण फौजेच्या रचनेत त्यांची जागा पाहा. मुक्काम मागे, पगार कमी, कपडा हलका, आणि शौर्याच्या यादीत नाव क्वचित. विष्ठा उचलणारा, मेलेले जनावर ओढणारा, चामडे शिवणारा असे सगळे फौजेबरोबर समुद्रापार गेले. आपण ‘बलुतं’ हा शब्द दया पवारांच्या पुस्तकानंतर, १९७८ पासून, नव्या अर्थाने वाचायला शिकलो. मी म्हणतो, ब्रिटिश हिंदी फौज हे खाकी कपड्यातले गाव होते आणि फॉलोअर हे तिचे बलुतेदार. मशीनगनच्या मागे अख्खा गावगाडा चालत गेला.

आकडा डोळ्यांसमोर ठेवला पाहिजे. युद्धासाठी हिंदुस्थानातून भरती झालेल्यांत लढवय्ये सुमारे ८ लाख ७७ हजार आणि बिगर-लढवय्ये सुमारे ५ लाख ६३ हजार. म्हणजे दर पाच माणसांत दोन माणसे बंदूक न घेता गेली. माणसे कमी पडली तेव्हा तुरुंगातून कैदी उचलून मेसोपोटेमियाला पाठवले गेले. युरोपातला कारखाना युद्धाला जितका आवश्यक होता तितकाच हा झाडणारा, वाहणारा, खणणारा माणूस आवश्यक होता. तरी ‘हिंदी सैनिकांनी शौर्य गाजवले’ या वाक्यात तो बसत नाही.

शरण आलेल्यांचे पुढे काय झाले तेही याच हिशेबात पाहावे. गोरे अधिकारी बोटीने आणि गाडीने गेले. बाकीच्यांना बगदाद, मोसुलमार्गे वाळवंटातून पायी हाकलण्यात आले. वाटेत हजारो मेले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपले. कोणती रेल्वे? जर्मन भांडवलाची बगदाद रेल्वे. जिच्या धास्तीपायी इंग्रजांनी या प्रदेशावर नजर ठेवली होती, तिचेच रूळ त्यांनी कैदी म्हणून टाकले. युरोपच्या दोन मालकांचे भांडण, आणि खडी फोडायला दोन्हीकडे आपलाच हात.

त्यांच्या स्मरणाची व्यवस्था कशी झाली? बसऱ्याचे युद्धस्मारक १९२९ मध्ये उघडले. त्यावर चाळीस हजारांवर मृतांची नोंद आहे. ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली, आणि साध्या हिंदी शिपायांची पलटणवार नुसती संख्या लिहिली. ही असमान वागणूक होती अशी कबुली राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून दिली. आता कोरेगावचा खांब आठवा. १८२१ मध्ये त्याचा पाया घातला गेला. त्यावर मृत शिपायांची नावे आहेत आणि त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. शंभर वर्षांत कंपनीचे साम्राज्य झाले, तलवारीची मशीनगन झाली, आणि कोरलेल्या नावाचा आकडा झाला. खांबापुढे आपण दरवर्षी नतमस्तक होतो ते बरोबरच आहे. तिथे नाव आहे म्हणून होतो. पण ज्यांची नावे नाहीत त्यांची संख्या कितीतरी पटींनी मोठी आहे, आणि ती माणसेही आपलीच होती.

इथे कोणी म्हणेल, की १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगावला जमलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले, खटले झाले, अशा काळात कोरेगावच्या प्रतीकाची चिकित्सा करणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे. मला हा आक्षेप समजतो. ‘परक्यांच्या विजयाचा उत्सव करता’ असे हिणवणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की मराठा पलटणींनी आणि देशभरच्या सरदारपुत्रांनी १९१४ मध्ये कोणाच्या विजयासाठी रक्त सांडले? तेव्हा राजनिष्ठेच्या सभा भरवणाऱ्यांत कोणकोण होते? कोरेगाव मी कोणाला द्यायला तयार नाही. मात्र एका खांबाच्या सावलीत साडेतीन हजार माणसे उभी राहू शकत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी जागा करावी लागेल. ती जागा साहित्यात आहे, असे मला वाटते.

आणि साहित्यात ती अजून रिकामी आहे. मुल्कराज आनंद हे एकच नाव घेतो. त्यांनी १९३५ मध्ये ‘अनटचेबल’ लिहिली. तिचा नायक बखा हा छावणीच्या बराकींतले संडास साफ करणारा मुलगा. गोऱ्या टॉमींचे जुने कपडे घालून मिरवण्याची त्याला हौस. त्याच आनंदांनी पुढे पहिल्या महायुद्धावर ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ लिहिली. तिचा नायक लालू. तो पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा, शिपाई. भंगी आणि महायुद्ध हे दोन्ही विषय एका लेखकाच्या हाताशी होते, आणि दोन्हींवर त्याने सहानुभूतीने लिहिले. पण बखाला त्याने जहाजावर चढवले नाही. बखा छावणीतच राहिला. युद्धकादंबरीचा नायक म्हटला की त्याच्या हातात बंदूक असलीच पाहिजे, हा संकेत आनंदांसारख्या पुरोगामी लेखकालाही ओलांडता आला नाही. मराठीत तर ही उणीव दाखवायलाही कृती नाही. आपल्या आत्मकथनांनी महारवाडा उघडला, झोपडपट्टी उघडली, वसतिगृह उघडले. ‘पल्टनीच्या मागं’ गेलेल्या माणसाचा दरवाजा माझ्या वाचनात तरी कोणी ठोठावलेला नाही. आजोबा-पणजोबा लष्करात होते असे येते. ते नेमके काय काम करीत होते, तिथे लेखणी थोडी लाजते. शिपाई असला तर सांगतो, मेहतर असला तर ‘मिलिटरीत होते’ म्हणतो. ही लाज आपल्याला कोणी शिकवली हे सांगायला नको.

माझे एक मार्क्सवादी मित्र हे सारे ऐकून म्हणाले, यात नवीन काय? भांडवलाला बाजार आणि कच्चा माल हवा होता, साम्राज्ये एकमेकांवर आदळली, मजूर मेला. लेनिनने हे १९१६ मध्येच सांगून ठेवले आहे. मान्य. तेल, रेल्वे, जहाजे यांचा उलगडा त्या विवेचनाने होतो. पण उपाशी माणसाने पुढ्यातले मांस का नाकारले, झाडू एकाच जातीच्या हातात समुद्रापारही का राहिला, आणि पंजदेहच्या गोळीबाराने महारांचीच नोकरी का गेली, याचा उलगडा होत नाही. भांडवलाने माणसांची यादी मागितली खरी. पण यादीतला क्रम आधीच लिहून ठेवलेला होता.

या युद्धाची पहिली गंभीर दलित चिकित्सा मी जिथे पाहतो ती म्हणजे बाबासाहेबांचे एक पुस्तक-परीक्षण. बर्ट्रांड रसेल यांनी युद्ध ऐन भरात असताना लंडनमध्ये व्याख्याने दिली आणि १९१६ मध्ये त्यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ सोशल रिकन्स्ट्रक्शन’ हे पुस्तक आले. युद्धविरोधामुळे रसेल यांची केंब्रिजची जागा गेली, पुढे तुरुंगही झाला. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्येच शिकत होते. शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परतावे लागले. ते स्वतः दुसऱ्या जहाजाने आले. त्यांचे सामान आणि जमवलेले ग्रंथ ज्या जहाजावर होते, ते ‘सॅलसेट’ जुलै १९१७ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवले. औद्योगिक युद्धाने आपल्या माणसाला कुठे गाठावे, तर पुस्तकांच्या पेटीत! त्यानंतर १९१८ मध्ये ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’त त्यांनी रसेल यांच्या पुस्तकाचे परीक्षण लिहिले.

त्या परीक्षणाचा रोख मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांना धास्ती अशी, की रसेल यांचा युद्धविरोध वाचून हिंदी वाचक खूश होईल आणि म्हणेल, पाहा, आमचा निवृत्तीचा, सोसण्याचा धर्मच खरा. बाबासाहेब हा निष्कर्ष हाणून पाडतात. रसेल क्रियाशीलतेविरुद्ध नाहीत, वाढीसाठी क्रिया हवीच, असे ते दाखवतात. शक्ती आणि हिंसा यांत ते फरक करतात : शक्ती वापरल्याशिवाय काहीच घडत नाही, प्रश्न ती घडवायला वापरायची की मोडायला, हा आहे. युरोप रक्ताने माखला असताना सव्वीस-सत्तावीस वर्षांचा हा अस्पृश्य पंडित युद्धाचा गौरव करीत नाही आणि शांततेच्या नावाखाली सोशिकपणाही विकत घेत नाही. कारण जो हजार वर्षे सोसत आला त्याला सोसण्याचे तत्त्वज्ञान शिकवणे ही हिंसाच आहे, हे त्याला अंगावरच्या वळांवरून कळलेले होते. आपल्या समीक्षेने विद्रोहाची व्याख्या करताना ‘जातिनिर्मूलन’ पुष्कळदा उघडले. हे छोटे परीक्षण क्वचितच.

पुढच्या घडामोडी या परीक्षणाच्या उजेडात वाचाव्यात. कुतच्या नामुष्कीची चौकशी झाली, मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ मध्ये आला, भारतमंत्री चेंबरलेन पायउतार झाले, माँटेग्यू आले, २० ऑगस्टची घोषणा झाली, आणि त्या सुधारणांच्या ओघात साउथबरो कमिटीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साक्ष दिली. कुतच्या वेढ्यातून साक्षीच्या टेबलापर्यंत असा एक धागा येतो. दुसरीकडे, माणसे कमी पडताच रॉबर्ट्स यांचे शास्त्र गुंडाळून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसरे युद्ध आले, १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, आणि तिच्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब आला. बाबासाहेबांनी त्या वेळी भरतीचा आग्रह धरला, १९४२ पासून मजूरमंत्री म्हणून तंत्रशिक्षणाच्या योजनाही पुढे रेटल्या. ज्यांना यात विसंगती दिसते त्यांनी १९१८ चे परीक्षण वाचावे. यंत्र ज्याच्या हाती नाही त्याला यंत्रयुगात मेहतरच राहावे लागते, हे त्यांनी पहिल्या युद्धात पाहिले होते.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. हा कारखाना १८६९ चा. संध्याकाळी ते घरी आले की हातांना पितळेचा वास यायचा, साबणाने जात नसे. त्यांच्या चुलतआजोबाने युद्धाची विष्ठा उचलली आणि त्यांनी काडतुसाची टोपी घडवली; मधल्या पन्नास वर्षांत आमचे घर एवढे पुढे सरकले. वडिलांना त्याचा अभिमान होता आणि मला तो पटतो. कारखान्यापासून काही अंतरावर खडकीची युद्धस्मशानभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक कबरी तिथे ओळीने आहेत, हिरवळ कापलेली, प्रत्येक दगडावर नाव. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात ठिकठिकाणी पुरलेल्या अठराशेहून अधिक जणांची नावेही तिथे भिंतीवर कोरली आहेत. लहानपणी आम्ही त्याला ‘गोऱ्यांचं कबरस्तान’ म्हणत असू. मी तिथे बऱ्याच वेळा गेलो आहे. वाईट वाटत नाही असे नाही. ती पोरेही विशी-बाविशीची, तीही कोणाच्या तरी भांडणात मेलेली.

बोपोडी, दापोडी, घोरपडी, वानवडीच्या जुन्या घरांत अजून पत्र्याच्या पेट्या आहेत. त्यांत डिस्चार्जचे कागद आहेत, पेन्शनची पुस्तके आहेत, एखादे पदक आहे. शिपायाचे कागद लोक दाखवतात. फॉलोअरचे कागद मागावे लागतात, आणि मागताना आपल्याच आवाजाकडे लक्ष द्यावे लागते. ज्या तरुण मित्राने मला प्रश्न विचारला त्याने हे काम हाती घ्यावे अशी माझी विनंती आहे. तो पुण्यातच राहतो, आणि त्याच्या आईचे माहेर खडकीचे आहे असे मला कळले. मी स्वतः उशीर केला. आजी १९८३ मध्ये वारली. बसऱ्याला गेलेल्या त्या माणसाचे नाव तिला ठाऊक होते. ती नेहमी ‘धाकलं मामंजी’ म्हणायची, आणि मी कधी नाव विचारले नाही.